लाटांखालची शाळा : तारकर्लीच्या ‘इसदा’ची वाटचाल

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा लाभला आहे. उत्तरेला विजयदुर्ग, दक्षिणेला तेरेखोलची खाडी. या दोन टोकांच्या दरम्यान मालवणलगत तारकर्ली आणि पार खाली, रेडीच्या अलीकडे शिरोडा. शिरोड्याची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यावी लागत नाही. १९३० साली इथल्या मिठागरांवर झालेला सत्याग्रह आणि १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत मुलांना शिकवणारे वि. स. खांडेकर, या दोन गोष्टींनी हे गाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. समुद्राकाठी शाळा रुजवण्याचे मोल या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणूनच याच जिल्ह्यात, याच दर्याच्या पोटात भरणाऱ्या एका शाळेची वाटचाल शिरोड्याच्या वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

ही शाळा म्हणजे तारकर्लीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कुबा डायव्हिंग अँड अ‍ॅक्वाटिक स्पोर्ट्स. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने उभारलेली ही संस्था किनाऱ्यावर ‘इसदा’ या आटोपशीर नावाने ओळखली जाते. पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात उतरण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी, राज्य शासनाच्या महामंडळाने चालवलेली अशी संस्था कोकणच्या किनाऱ्यावर उभी राहील, हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर ते कोणाला खरे वाटले नसते. इथला गाबित दर्यावर्दी पाण्यात बुडी मारत नव्हता असे नाही. खडपात अडकलेले जाळे सोडवायला, रुतलेला नांगर मोकळा करायला, कालवे आणि शिनाणे काढायला तो श्वास रोखून खाली जातच होता. पण खाली जे जग आहे ते पाहण्यासाठी, ते दुसऱ्याला दाखवण्यासाठी आणि त्याची राखण करण्यासाठी उतरायचे, ही रीत नवी होती. ती रुजायला मोठा काळ लागला.

या वाटचालीची पहिली खूण संस्थेच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र राज्यातले पहिले सागरी अभयारण्य ठरले. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतीची बुडालेली खडपे मिळून सुमारे सव्वातीन चौरस किलोमीटरचा गाभा त्यात आखला गेला. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचा पाया घातला, त्याच्याच तटाखाली प्रवाळ वाढत होते, त्यांच्या आडोशाला माशांची पिल्ले पोसली जात होती. अभ्यासकांना हे कळले होते. ज्यांचे पोट त्या पाण्यावर अवलंबून होते, त्यांच्याशी मात्र पुरेसे बोलणे झाले नाही. अभयारण्य म्हणजे मासेमारीला बंदी, बंदी म्हणजे चूल विझणार, असा धसका मालवणच्या मच्छीमारांनी घेतला आणि विरोध उभा राहिला. तो विरोध वर्षानुवर्षे टिकला आणि अभयारण्याची अंमलबजावणी रखडत राहिली. त्या विरोधाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. राखण करायची तर राखण करणाऱ्याच्या घरात त्यातून चार पैसे आले पाहिजेत, ही त्याची साधी मागणी होती, आणि तिला उत्तर मिळायला पुढची वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

दरम्यान जिल्ह्याचे रूप पालटत होते. १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली आणि मुंबईकर एका रात्रीत कुडाळ-सावंतवाडीला उतरू लागला. तारकर्लीला महामंडळाचे निवास होते, कर्ली नदीच्या पात्रात हाऊसबोटी आल्या, देवबागच्या घरांतून न्याहारी-निवास सुरू झाले. पर्यटक येत, किल्ला पाहत, सोलकढी पीत आणि परत जात. समुद्र त्यांच्यासाठी वाळूवरून बघायचा देखावा होता.

तो देखावा पाण्याखाली नेण्याची सुरुवात स्नॉर्कलिंगने झाली. तोंडावर मुखवटा, तोंडात नळी, पोट पाण्यावर आणि नजर खाली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव या टप्प्यापासून या कामाशी जोडलेले आहे. मालवणच्या पाण्यातले प्रवाळ शास्त्रज्ञांच्या निबंधात पडून राहण्यापेक्षा गावाच्या उपयोगी पडावेत, तेही त्यांना धक्का न लावता, ही त्यांची दृष्टी महामंडळाला पटली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आधी स्नॉर्कलिंग आणि मग स्कुबा असा क्रम लागत गेला. मदतीला होती ती मालवण, तारकर्ली, देवबागचीच मुले. होडी त्यांची, वाऱ्याची जाण त्यांची, कुठल्या खडपाला कधी गढूळ येते आणि कधी पाणी निवळते याचा अंदाजही त्यांचाच.

एवढे असूनही एक उणीव राहत होती. पर्यटकाला हात धरून पाण्याखाली नेणे वेगळे आणि पाण्याखालचा माणूस घडवणे वेगळे. शिकायचे तर अंदमान, लक्षद्वीप नाही तर परदेश, असा तेव्हाचा रिवाज होता आणि मासे मारून घर चालवणाऱ्याच्या मुलाला तो परवडणारा नव्हता. आपल्याच किनाऱ्यावर प्रशिक्षण संस्था काढावी हा विचार या अडचणीतून पुढे आला. मंजुऱ्या, बांधकाम, यंत्रसामग्री या सगळ्या पायऱ्या सरकारी गतीनेच चढाव्या लागल्या. अखेर २०१५ च्या सुमारास तारकर्लीत ‘इसदा’चे काम सुरू झाले. वर्गखोल्या, हवा भरण्याचे कॉम्प्रेसर, साधनांचे कोठार, प्रशिक्षणार्थींच्या राहण्याची सोय आणि या सगळ्याच्या मध्यभागी सरावाचा खोल तरणतलाव, अशी तिची मांडणी झाली. स्कुबा शिक्षणाची जगभर मानली जाणारी ‘पॅडी’ या संघटनेची प्रमाणपत्रे इथे मिळू लागली. तारकर्लीत मिळालेले डाइव्हमास्टरचे कार्ड दाखवून तोच मुलगा उद्या मालदीवला किंवा थायलंडला कामावर उभा राहू शकतो, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या घरांना लवकर उमगली.

या शाळेत काय शिकवले जाते, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. किनाऱ्यावर वाढलेला मुलगा वर्गात येतो तेव्हा पोहणे त्याला शिकवावे लागत नाही. त्याला पहिल्यांदा एक सवय मोडावी लागते. लहानपणापासून तो बुडी मारताना श्वास कोंडत आलेला असतो. स्कुबात श्वास कोंडणे हाच सर्वांत मोठा धोका. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटर खाली फुप्फुसात भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. श्वास कोंडून वर येणाऱ्याचे फुप्फुस त्यामुळे फाटू शकते. म्हणून तरणतलावात पहिल्या दिवसापासून एकच घोष असतो : श्वास चालू ठेवा, थांबू नका. बाप-आज्याकडून आलेल्या कसबाला असा उलटा धडा देणे सोपे नसते. प्रशिक्षक गुडघ्यावर बसवून पुन्हा पुन्हा तेच करून घेतो. तोंडातला रेग्युलेटर काढायचा, बाजूला सोडायचा, हात मागून फिरवून तो शोधायचा, पुन्हा तोंडात धरायचा, आणि एवढा वेळ ओठांतून बुडबुड्यांची बारीक धार सोडत राहायची. मुखवट्यात पाणी भरून घ्यायचे आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायचे. पाणी डोळ्यांवर आले की धडपडत वर येणारा मुलगा काही दिवसांनी शांतपणे डोळे मिटतो, मान किंचित वर करतो, फुंकर घालतो आणि अंगठा व तर्जनी जुळवून ‘ठीक आहे’ अशी खूण करतो. अंगठा उंचावून दाखवायचा नाही. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे.

त्यानंतर येते ती तरंगण्याची विद्या. कमरेला शिशाची वजने, अंगात हवा भरता-सोडता येईल असे जाकीट, आणि या दोहोंमध्ये श्वासाने साधलेला तोल. हा तोल साधला की माणूस तळाला टेकत नाही आणि वरही उडत नाही, एका पातळीवर अधांतरी राहतो. पर्यटकाच्या दृष्टीने ही मौज असेल, प्रवाळाच्या दृष्टीने जीवन-मरणाचा प्रश्न आहे. मालवणच्या खडपांवरचे प्रवाळ फार सावकाश वाढतात. पायाला लावलेल्या पंखाच्या एका फटक्याने मोडलेली फांदी भरून यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून चांगला पाणबुड्या कोणता, तर ज्याने खाली जाऊन कशालाही स्पर्श केला नाही तो, ही कसोटी इथे प्रशिक्षणातच घालून दिली जाते. ओपन वॉटर अभ्यासक्रमात अठरा मीटरपर्यंत, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तीस मीटरपर्यंत उतरण्याची तयारी होते. पुढे बचावाचे शिक्षण आणि मग डाइव्हमास्टर, म्हणजे इतरांची जबाबदारी घेऊन पाण्यात उतरण्याचा अधिकार. वर येताना घाई नाही, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यायचा. असे नियम सुरुवातीपासूनच अंगी बाणवले जातात. संस्थेच्या दिमतीला पुढे ‘आरमार’ ही स्कुबासाठीची बोट आली. शिवरायांच्या सागरी वारशाशी नाते सांगणारे हे नाव मालवणकरांना मनापासून भावले.

एवढे करून खाली दिसते काय? किल्ल्याच्या परिसरात डुबकी साधारण दहा मीटरच्या आतबाहेर असते. पाणी पाचूसारखे निवळशंख मिळेल अशी हमी इथे कोणी देत नाही. कोकणच्या नद्या गाळ आणतात, उधाणात तळ ढवळतो, आणि कधी चार हातांपलीकडचे दिसत नाही. पण पाणी निवळले की खडपाच्या कडेला पोपटमासे प्रवाळ खरवडताना दिसतात, फुलपाखरू मासे जोडीने फिरतात, कपारीत शेवंडाच्या मिशा हलतात, गोब्रा आपल्या बिळाच्या तोंडाशी ठाण मांडून असतो. वाळूत निम्मे पुरून घेतलेले पाकट, डंख असलेला लायनफिश, तांबोशांचा घोळका, समुद्रफुलांच्या पाकळ्यांत लपलेले मासे, हे सगळे इथले नेहमीचे रहिवासी. पावसाळ्यानंतर खडपांवर सारगासम या शेवाळाचे तपकिरी रान माजते. लाटेबरोबर डोलणाऱ्या त्या रानात पिल्लांना आसरा मिळतो. बाजारात ज्यांचे भाव मालवणकराला तोंडपाठ, त्यांचे घर कसे असते हे मालवणकरानेच या शाळेत येईपर्यंत पाहिले नव्हते.

जगात कोकणच्या पाण्याहून कितीतरी थंड पाण्यातही बेटांभोवती स्कुबा चालते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या फार्न बेटांभोवती हजारोंच्या संख्येने करडे सील राहतात, आणि हाडे गोठवणाऱ्या त्या पाण्यात अंगाला थेंबही लागू न देणारा ड्रायसूट चढवून पाणबुडे त्यांच्या भेटीला उतरतात. पाणी हवेच्या मानाने सुमारे पंचवीस पटींनी झपाट्याने अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे तिथे कपड्याची निवड म्हणजे जिवाची काळजी. सिंधुदुर्गात पातळ वेटसूट पुरतो. तरीही आपला समुद्र सदा कोमट असतो हा समज खरा नाही. पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत खोलातले गार, कमी प्राणवायूचे पाणी वर सरकते. हंगामाच्या तोंडाशी खाली उतरणाऱ्याला काही मीटरवर एकदम गार थर लागतो, तो याचाच. फार्न बेटांकडून शिकण्यासारखी गोष्ट गारठ्यापेक्षा वेगळी आहे. तिथला पाणबुड्या सीलच्या मागे लागत नाही, तो एका जागी थांबतो आणि कुतूहल वाटले तर सीलच जवळ येतो. प्राण्याने भेट द्यायची की नाही हे प्राण्याने ठरवायचे, हा शिष्टाचार आपल्याही पाण्यात रुजायला हवा.

संस्था उभी राहत असतानाच आणखी एक मोठा प्रयत्न जिल्ह्यात चालू होता. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला. एन. वासुदेवन यांच्या नेतृत्वाखाली या कक्षाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जैवविविधतेचा प्रकल्प पाच-सहा वर्षे राबवला. रखडलेल्या अभयारण्याच्या अनुभवातून धडा घेऊन इथे आधी माणसांना हाताशी धरले गेले. पिल्ले सुटून जातील अशा चौकोनी आसाची जाळी ट्रॉलरवाल्यांना देण्यात आली, खाडीत कालवे-शिनाण्यांची शेती सुरू झाली. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीवर २०१७ पासून स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवू लागल्या. स्कुबाचे शिक्षण या सगळ्याला पूरक ठरले. १९८७ साली मच्छीमाराने जो प्रश्न विचारला होता त्याला आता हातात धरता येईल असे उत्तर मिळू लागले.

याच काळात समुद्रानेही आपली श्रीमंती दाखवली. २०१५ साली कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसले. जगातला सर्वांत मोठा प्राणी आपल्या होड्यांच्या टापूत वावरतो, याची नोंद शास्त्रीय कागदावर आली. पाठीवर मदार असलेले हम्पबॅक डॉल्फिन तर शिरोड्याच्या रापणकराला रोजचेच. किनाऱ्यालगत त्यांची वर-खाली होणारी पाठ पाहून मासळीचा थवा कुठे आहे याचा अंदाज बांधणारे जुने लोक आजही गावात आहेत. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वेंगुर्ले तालुक्याच्या वाळूवर, वायंगणीपासून शिरोड्यापर्यंत, गावकऱ्यांनी आणि वन विभागाने जपली आहेत. २०२२ मध्ये कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या पाच माद्यांना प्रथमच उपग्रह टॅग लावले गेले. पुढच्या वर्षी टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी तर दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेपलीकडे गेली. आपल्या वाळूत अंडी घालायला येणारा जीव किती लांबचा प्रवासी असतो, हे तेव्हा सर्वांना दिसले.

यश आले तसे त्याचे ओझेही आले. स्कुबाची गोडी लागली आणि मालवण, तारकर्ली, देवबाग इथे खाजगी केंद्रांची संख्या भराभर वाढली. अनेक घरांना त्यातून स्थिर मिळकत मिळाली, गाव सोडून मुंबईला निघालेली मुले थांबली. हे मोठे काम झाले. पण ठरावीक चार-दोन खडपांवर हंगामात गर्दी उसळू लागली. मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव टाकला जाऊ लागला. फोटोसाठी प्रवाळावर पाय रोवले गेले, नांगर थेट खडपावर पडू लागले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी मालवणच्या प्रवाळांना होत असलेली ही इजा नोंदवून ठेवली आहे. त्यात २०१५-१६ च्या जागतिक तापमानवाढीच्या तडाख्यात इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले. पाणी तापले की प्रवाळ आपल्या पेशींतले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, रंग जातो आणि अन्नही तुटते. आधीच अशक्त झालेल्या त्या जिवाला माणसाच्या टाचेची भर सोसत नाही. संस्थेचा अभ्यासक्रम जे शिकवतो ते आणि गर्दीच्या दिवशी पाण्यात जे घडते ते, यांत अंतर आहे. ते मिटवण्याचे काम अजून बाकी आहे, हे मान्य करावेच लागेल.

निसर्गानेही परीक्षा घेतली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळाने हंगामाची सुरुवातच बुडवली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. एकाने तोंडात धरलेला रेग्युलेटर दुसऱ्याने वापरायचा असा ज्याचा व्यवहार, त्या धंद्यावर महासाथीच्या दिवसांत काय ओढवले असेल हे सांगायला नको. बोटी वर ओढल्या गेल्या, कॉम्प्रेसर गप्प झाले, कित्येक प्रशिक्षक पुन्हा जाळ्याकडे वळले. सावरत नाही तोच मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले. माड पडले, छपरे उडाली. आणि २४ मे २०२२ रोजी सगळ्यांत मोठा घाव बसला. स्कुबा करून परतणारी पर्यटकांची एक खाजगी बोट तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या प्रत्येकाची मान खाली गेली. पाण्याखालची विद्या कितीही पक्की असली तरी होडीतली माणसे मोजणे, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असणे, वारा बदलला की फेरी रद्द करण्याचे धैर्य असणे, या गोष्टींना पर्याय नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, २६ मेपासून ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद ठेवण्याचा नियम आहे, तो कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

या सगळ्यातून संस्था उभी राहिली ती माणसांच्या जोरावर. महामंडळाचे अधिकारी, वन विभागाचे कर्मचारी, शास्त्रज्ञ यांचे ऋण आहेच. पण भरतीच्या वेळा पाहून पहाटे टाक्या भरणारे, अंगावर मीठ वाळवत दिवसभर पर्यटकांना वर-खाली नेणारे, खडपात गुंतून पडलेली तुटकी जाळी सुरीने कापून वर आणणारे मालवण-तारकर्लीचे तरुण हा या कामाचा कणा आहे. त्यांच्यामागे सुरुवातीला ‘मासे सोडून हे काय आणि’ म्हणणाऱ्या आणि पुढे पर्यटकांना भाकरी-तिखले वाढणाऱ्या आया-बहिणी आहेत. त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत, पण त्यांचे काम या पानावर आदराने नोंदवले पाहिजे एवढे मात्र खरे.

आता वाटचालीचे तोंड दक्षिणेकडे वळले आहे, आणि इथेच शिरोड्याचा संबंध येतो. किल्ल्याभोवतीचे उथळ पाणी नवशिक्यासाठी उत्तम. पण जाणत्या पाणबुड्याला खोली हवी असते. ती निवती रॉक आणि वेंगुर्ला रॉक्सच्या परिसरात आहे. वेंगुर्ला रॉक्स म्हणजे उघड्या समुद्रातली खडकाळ बेटे. तिथल्या गुहांत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. लाळेने बांधलेली तिची घरटी परदेशी बाजारात किमतीने विकली जात आणि त्यापायी तस्करी चाले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, या शतकाच्या आरंभी ती उघडकीस आणली आणि संरक्षणाचे काम उभे केले. बेटाच्या वर पाकोळ्या आणि खाली खोल खडपांवरचे मोठे मासे, असा दुहेरी खजिना या पाण्यात आहे.

त्यात भर पडणार आहे ती एका युद्धनौकेची. पोलंडमधील गडीनिया येथे बांधलेली, डिसेंबर १९८५ मध्ये नौदलात दाखल झालेली, सुमारे ८४ मीटर लांबीची ‘आयएनएस गुलदार’ १२ जानेवारी २०२४ रोजी सेवेतून निवृत्त झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने ती महामंडळाच्या हवाली केली. निवती रॉकजवळ तिला जलसमाधी देऊन समुद्रतळाशी संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती घडवण्याचा हा प्रकल्प आहे, आणि केंद्राने त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. तेल, रंग, केबल यांसारखे अपायकारक साहित्य उतरवल्याशिवाय असे जहाज समुद्रात सोडता येत नाही. नीट साफ केलेल्या पोलादावर काही महिन्यांत शैवाल धरते, मग शिंपले, मग लहान मासे, आणि त्यांच्यामागून गोब्रा-तांबोशी. किल्ल्याच्या खडपांवरचा भार हलका करायला याचा उपयोग व्हावा, अशी रास्त अपेक्षा आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी तर अजून बव्हंशी अस्पर्शच आहे. तिथे उद्या जाणाऱ्या अभ्यासकांना खोल पाण्यात उतरणारे आणि मराठी-मालवणीत बोलणारे हात लागतील, ते तारकर्लीतच तयार होतील.

चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. निवती आणि वेंगुर्ला रॉक्सकडे पर्यटकांचा ओघ वाढला की त्याची पहिली झळ आणि पहिला लाभ वेंगुर्ले तालुक्याला मिळणार आहे. मालवणला जे शिकायला पंधरा वर्षे लागली ते इथे पहिल्या दिवसापासून अमलात आणता येईल. नांगर टाकण्याच्या जागा आधी ठरवाव्यात, एका वेळी खडपावर किती जणांनी उतरायचे याची मर्यादा आधी घालावी, पावाचा तुकडा पाण्यात पडणार नाही असा दंडक गावाने आधी करावा. आणि सगळ्यांत आधी, शिरोडा, आरवली, रेडी, मोचेमाड, वेंगुर्ल्याच्या आईवडिलांनी समुद्राची ओढ असलेल्या आपल्या मुलांना आणि मुलींनाही तारकर्लीच्या या शाळेची वाट दाखवावी. बाहेरचा माणूस येऊन आपल्याच दर्याची ओळख आपल्याला करून देण्याच्या आत ती शिकून परत यावीत. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. चौकशी त्याआधी करावी.